विश्रांतीने न गेलेला शीण

बिबवेवाडीच्या चढावर एका जुन्या सोसायटीच्या तळमजल्याला रस्त्याकडे तोंड करून दोन गाळे आहेत. एकात सायकलींचं दुकान आहे, दुसऱ्यात नम्रता लोंढेचं पोळी-भाजी केंद्र. नम्रता औशाकडची. लग्न होऊन पुण्यात आली तेव्हा तिचा नवरा योगेश भोसरीच्या एका कारखान्यात नुकताच कायम झाला होता. वरच्या मजल्यावर आयटीतली चार मुलं भाड्याने राहायची. त्यांना डबे देता देता आजूबाजूचे म्हातारे नवरा-बायको पोळ्या मागू लागले, मग क्लासची पोरं आली, आणि पाच-सहा वर्षांत केंद्र उभं राहिलं. मदतीला मालनबाई होत्या. त्या कात्रजच्या पलीकडच्या गावातून पहाटेची बस पकडून यायच्या.

नम्रताची पोळी पातळ, घडीची आणि संध्याकाळपर्यंत मऊ राहणारी. एका वेळी दोन तव्यांवर भाजायची, मधूनच भाजीला फोडणी द्यायची आणि गिऱ्हाइकांशी बोलायचीही. "हिला थकवा म्हणजे काय ते माहीतच नाही," असं योगेश पाहुण्यांना कौतुकाने सांगायचा. तिलाही ते खरं वाटायचं. आदल्या पावसाळ्यात तिचे वडील वारले, तेव्हाही ती दहावा उरकून लगेच परतली होती. साखरपुड्याची मोठी ऑर्डर घेतलेली होती. आई दुर्गाबाईंनीच तिला म्हटलं होतं की जा, इथं बसून कोण परत येणार आहे.

संक्रांतीच्या सुमाराला तिला पहिल्यांदा वेगळं जाणवलं. गुळपोळ्यांची घाई होती, त्यामुळे संध्याकाळी अंग मोडून येणं साहजिकच होतं. पण संक्रांत सरली, काम पूर्वीसारखं झालं आणि अंग मोडलेलंच राहिलं. सकाळी उठली की रात्री झोपताना होती त्याहून जास्त दमलेली असायची. पहाटे डोळे उघडायचे आणि पुन्हा मिटायचे नाहीत. अंघोळ हे एक मोठं काम होऊन बसलं. बादली भरायची, पाणी अंगावर घ्यायचं, पुसायचं, कपडे घालायचे, यातल्या प्रत्येक पायरीला ती मध्येच स्टुलावर बसायची. केस धुणं ती पुढे ढकलू लागली. फोन वाजला की उचलावा लागेल या विचारानेच दमायची.

आणखी एक होतं, ते तिने कुणाला सांगितलं नाही. भाजीत मीठ घातलं की नाही हे तिला आठवेनासं झालं होतं. झाकण हातात धरून ती कढईसमोर उभी राहायची. मालनबाई न बोलता चव घ्यायच्या, लागलं तर मीठ टाकायच्या आणि आपल्या कामाला लागायच्या.

पलीकडच्या इमारतीत आप्पासाहेब राहायचे. पाटबंधारे खात्यातून निवृत्त झालेले. दुपारी साडेबाराच्या ठोक्याला पोळ्या न्यायला यायचे आणि रोज काहीतरी शेरा मारून जायचे. फेब्रुवारीत एकदा ते म्हणाले, "आजची पोळी धरणाच्या भिंतीला लावली तरी गळती थांबेल." एरवी नम्रताने त्यांना ठेवणीतलं उत्तर दिलं असतं. त्या दिवशी ती नुसतीच "हो" म्हणाली आणि त्यांचे पैसे परत करायला निघाली. आप्पासाहेब ओशाळले. पैसे न घेताच गेले.

फॅमिली डॉक्टर लोहोकरे यांचा दवाखाना दोन गल्ल्या सोडून होता. त्यांनी रक्त तपासायला सांगितलं. हिमोग्लोबिन ठीक, थायरॉइड ठीक, साखर ठीक. बी-ट्वेल्व्ह आणि डी जीवनसत्त्व कमी निघालं. डॉक्टर म्हणाले, अर्ध्या पुण्याचं कमी असतं. त्यांनी इंजेक्शनं दिली, दुधातून घ्यायच्या पुड्या दिल्या. महिन्याने पुन्हा तपासलं तर तेही जागेवर आलं होतं.

योगेशला हायसं वाटलं. नम्रताला मात्र धास्तीच बसली. रक्तात काही सापडलं असतं तर बरं झालं असतं. रक्तात काही नाही, तर हा थकवा आहे कुठे? तिने आपल्यापुरतं उत्तर काढलं: तो स्वभावात आहे. आपण आळशी झालो आहोत. वडील गेल्यावर आईजवळ दोन आठवडे राहता आलं नाही, कामाचं कारण सांगून निघून आलो, आणि आता कामही होत नाही. मग तिने स्वतःला शिक्षा दिल्यासारखी आणखी लवकर उठायला सुरुवात केली. मालनबाई यायच्या आत कणीक मळून ठेवायची, फरशी पुसायची. हे तिने काही दिवस रेटलं. त्या दिवसांत ती दुपारी पोळपाटासमोर बसल्या बसल्या डुलक्या घेऊ लागली.

योगेशला ते दिसलं आणि त्याने ठरवून टाकलं की हिला विश्रांती हवी. मालनबाईंवर केंद्र सोपवलं आणि नम्रताला औशाला सोडून आला.

दुर्गाबाईंनी लेकीला काडीचंही काम करू दिलं नाही. सकाळी तूप-गूळ, दुपारी झोप, संध्याकाळी अंगणात बाज. शेजारच्या घरी तिच्या बालमैत्रिणीला मुलगी झाली होती. दोन घरं ओलांडून जायचं होतं. नम्रता उद्या जाते, उद्या जाते म्हणत राहिली आणि गेलीच नाही. दुर्गाबाईंनी मीठ-मोहरीने दृष्ट काढली. चुलीत टाकलेल्या मोहऱ्या तडतडल्या नाहीत की काय, त्या बराच वेळ चुलीकडे बघत राहिल्या. मग लेकीजवळ येऊन बसल्या.

"काय व्हायलंय गं माय तुला? दुखायलंय का कुठं?"

"दुखत नाही."

"मग?"

"काहीच नाही, आई. नुसतं दमलेय."

आठवड्याने योगेश न्यायला आला तेव्हा दुर्गाबाईंनी त्याला बाजूला घेऊन एवढंच सांगितलं की, जावईबापू, झोपून जायचा शीण असता तर एव्हाना गेला असता.

योगेशला ते वाक्य पटलं, पण त्याचं पुढे काय करायचं ते कळलं नाही. तो साधा, कामसू माणूस होता. कारखान्यात मशीनवर काम करताना बिघाड दिसला की त्याचं कारण शोधायचं, ही त्याची सवय. बायकोच्या बाबतीत तो कारणच शोधत राहिला. घरात भांडण नव्हतं. मुलगी उत्कर्षा नववीत, शहाणी, अभ्यासात बरी. केंद्र चांगलं चालत होतं. एके दिवशी त्याने न राहवून विचारलं की तुला कमी काय आहे ते तरी सांग. विचारताना त्याचा आवाज चढला नव्हता, पण नम्रताला वाटलं आपल्यावर आरोप झाला, आणि तो खराच आहे. ती म्हणाली, काहीच कमी नाही. त्यानंतर तिने थकल्याचं सांगणंही सोडून दिलं.

मार्चच्या शेवटी वास्तुशांतीची एक ऑर्डर होती. पुरणपोळ्या, साठ माणसांच्या. पुरण आदल्या दिवशी मालनबाईंनी वाटून ठेवलं होतं. सकाळी त्या आल्या तेव्हा शटर अर्धंच वर होतं. आत पिठाच्या पोत्यावर नम्रता बसलेली. समोर परातीत पीठ, त्यात पाणी ओतलेलं आणि तिचा उजवा हात मनगटापर्यंत त्या पाण्यात. ती मळत नव्हती. किती वेळ तशी बसली होती कोण जाणे, कडेचं पीठ वाळून हाताला धरलं होतं.

"ताई, काय झालं? हात दुखतोय का?"

"नाही दुखत," नम्रता म्हणाली. "हात उचलायचा कसा तेच सुचेना."

मालनबाईंनी तो हात स्वतःच बाहेर काढला, ओल्या फडक्याने पुसला, तिला घरात नेऊन निजवलं आणि योगेशला फोन लावला. ऑर्डर सहकारनगरच्या एका ओळखीच्या केंद्राकडे वळवली. योगेश शिफ्ट अर्धी टाकून आला. ऑर्डर गेल्याचं त्याने हळूच सांगितलं. पूर्वी एक पोळी करपली तरी हळहळणारी त्याची बायको "बरं" म्हणाली आणि भिंतीकडे वळली. तिला वाईट वाटलं असतं तर तो इतका घाबरला नसता.

त्याच संध्याकाळी ते दोघं पुन्हा डॉक्टर लोहोकरेंकडे गेले. या वेळी डॉक्टरांनी रिपोर्टची फाइल उघडलीच नाही. खुर्ची तिच्याजवळ ओढून ते म्हणाले, "नम्रताताई, समजा उद्या सकाळी तुम्हाला एकदम पूर्वीसारखं ठणठणीत वाटलं. काय काय करावंसं वाटेल?"

नम्रताने विचार केला. पोळ्या करेन असं म्हणायला हवं हे तिला समजत होतं. ते खरं नव्हतं. औशाला जाणं, उत्कर्षाबरोबर बाजारात जाणं, नवी साडी, काहीतरी चमचमीत खाणं, तिने एकेक गोष्ट मनात धरून पाहिली. कशालाच चव नव्हती.

"काही नाही," ती म्हणाली.

डॉक्टरांनी मान हलवली. त्यांनी सांगितलं की, दमलेल्या माणसाला हा प्रश्न विचारला तर तो पटकन काहीतरी सांगतो. सिंहगडावर जाईन, वाडा पाडून बंगला बांधीन, काहीही. त्याला करायचं असतं, शरीर साथ देत नसतं. ज्याला काही करावंसंच वाटत नाही, त्याचा थकवा निराळा असतो. तो नुसत्या इंजेक्शनांनी जात नाही. हे आपण महिनाभर आधी विचारायला हवं होतं, असंही ते म्हणाले. मग त्यांनी एका मानसोपचारतज्ज्ञ बाईंचं नाव आणि फोन नंबर कागदावर लिहून दिला.

दवाखान्याबाहेर आल्यावर योगेश स्कूटरला किल्ली लावेना. डोक्याचा डॉक्टर कशाला, असं त्याच्या मनात होतं. बायको नीट बोलते, नीट वागते. कारखान्यात कळलं तर लोक काय म्हणतील, औशाला काय सांगायचं. त्याने यातलं थोडंसंच बोलून दाखवलं. नम्रता गाडीला टेकून उभी होती. ती म्हणाली, "अहो, जाऊ या. कुणीही काहीही सांगितलं तरी चालेल मला आता."

डॉक्टर ऋतुजा मुळीक यांची खोली लहान आणि साधी होती. बाई चाळिशीच्या, बोलणं सावकाश. त्यांनी झोपेबद्दल विचारलं, भुकेबद्दल, विसरण्याबद्दल, वडिलांबद्दल. घरात पूर्वी कुणाला असं झालं होतं का, हेही विचारलं. नम्रता नाही म्हणाली. योगेश शेजारी बसून ऐकत होता. शेवटी डॉक्टरांनी हे डिप्रेशन आहे असं सांगितलं, तेव्हा त्याने विचारलं, "पण मॅडम, ही रडत नाही. एकदाही रडली नाही. मग डिप्रेशन कसं?"

"सगळ्यांना रडू येत नाही," डॉक्टर म्हणाल्या. "काहींना दुःख जाणवतच नाही, नुसता शीण जाणवतो. झोप, भूक, हालचाल, लक्ष देणं, एखादी गोष्ट हवीशी वाटणं, हे सगळं मेंदू चालवतो, आणि मेंदूही शरीराचाच भाग आहे. तो आजारी पडला की अंघोळसुद्धा डोंगराएवढी होते. यांचा थकवा खोटा नाही. त्यांनी तो आणलेलाही नाही."

शेवटची दोन वाक्यं ऐकून नम्रताने पहिल्यांदा मान वर केली.

मग डॉक्टरांनी योगेशला थोडा वेळ बाहेर बसायला सांगितलं. तो गेल्यावर त्यांनी सरळ विचारलं, "जगणं नको असं वाटतं का?"

नम्रताने ओढणीचं टोक दुमडलं. मग म्हणाली, "मरावंसं नाही वाटत. पण सकाळी डोळे उघडले की वाटतं, उघडले नसते तर बरं झालं असतं. रोज वाटतं."

डॉक्टर दचकल्या नाहीत. ही भावना आजारातून येते आणि आजार उतरला की ती जाते, असं त्यांनी सांगितलं. स्वतःला काही करून घेण्याचा विचार कधी आला का, हेही विचारून घेतलं. तो आला नव्हता. आला तर त्याच क्षणी योगेशला सांगायचं आणि आपल्याला फोन करायचा, वेळ कोणतीही असो, एवढं त्यांनी कबूल करून घेतलं. आणि हे नवऱ्याला तुम्ही सांगाल की मी सांगू, असं विचारलं. नम्रता म्हणाली, तुम्हीच सांगा. डॉक्टरांनी योगेशला आत बोलावून ते सांगितलं आणि रोज घ्यायच्या गोळ्या लिहून दिल्या.

परतताना मार्केट यार्डच्या पुढे ट्रकांच्या गर्दीत गाडी अडकली. कांद्याच्या गोण्या उतरवणारे हमाल, हॉर्न, धूळ. योगेश पुढे बघत बसला होता. मान न वळवता तो म्हणाला, "मला कळलं नाही."

"मला तरी कुठे कळलं होतं?" नम्रता म्हणाली.

त्याने हात मागे नेऊन तिचा हात आपल्या खांद्यावर ठेवला. ट्रक हलले. घरी आल्यावर त्याने उत्कर्षाला समोर बसवलं आणि आईला कोणता आजार झाला आहे ते नाव घेऊन सांगितलं. तिला त्याच्यापेक्षा जास्त माहीत होतं. शाळेत त्यावर एक तास झाला होता. तिने फक्त एकच विचारलं की माझ्यामुळे तर नाही ना झालं. नम्रताने तिला जवळ घेतलं. त्या रात्री घरात सगळे लवकर झोपले.

दुसऱ्याच दिवशी योगेशने सासूला फोन केला आणि दुर्गाबाई आल्या. पिशवीत ज्वारीचं पीठ, शेंगा, काळा मसाला. मेंदूचा आजार म्हणजे काय ते त्यांनी जावयाकडून समजून घेतलं, गोळ्यांचं पाकीट उलटसुलट करून पाहिलं आणि केंद्रात जाऊन उभ्या राहिल्या. मालनबाईंशी त्यांचं पहिले काही दिवस अजिबात पटलं नाही. दुर्गाबाईंना पातळ पोळी म्हणजे पोट फसवणं वाटे. शेवटी मालनबाईंनी पोळ्या स्वतःकडे ठेवल्या आणि दुसरा तवा त्यांना देऊन टाकला. त्यावर ज्वारीच्या भाकऱ्या सुरू झाल्या. आप्पासाहेबांनी पहिल्या दिवशी भाकरी हातात घेऊन उन्हात धरून पाहिली. दुसऱ्या दिवशी दोन मागितल्या. मग केंद्राबाहेर भाकरीसाठी वेगळी रांग लागू लागली.

इकडे नम्रताला पहिले दोन आठवडे गोळ्यांनी नुसतं तोंड कोरडं पडायचं आणि मळमळायचं. थकवा तसाच. हे काही उपयोगाचं नाही, असं तिने डॉक्टरांना फोनवर सांगितलं. त्यांनी सांगितलं की, औषधाला वेळ लागतो, पेरलं की दुसऱ्या दिवशी उपटून बघायचं नाही. गोळीबरोबर त्यांनी एक पथ्य सांगितलं होतं. दिवसभर अंथरुणात राहायचं नाही, आणि दमेपर्यंत काम करायचं नाही. रोज कोपऱ्यावरच्या पिंपळापर्यंत चालायचं आणि पुढे जावंसं वाटलं तरी परत यायचं. पडून राहिलं की माणसाला आपण निकामी आहोत असं वाटतं, तसं वाटलं की आणखी पडून राहावंसं वाटतं. आणि त्या भीतीने एकदम सगळं करायला गेलं तर पुन्हा कोसळतं. मधली वाट कंटाळवाणी आहे, पण तीच आहे.

नम्रता पिंपळापर्यंत जाऊन येऊ लागली. उन्हाळा कडक होता, म्हणून सकाळीच जायची. कधी उत्कर्षा सोबत असायची, बहुतेक वेळा ती एकटीच. काही दिवस बरे जायचे, काही अगदी पूर्वीसारखे. एका सकाळी अंघोळ करून बाहेर आल्यावर तिच्या लक्षात आलं की आपण मध्ये बसलो नाही. तिने कुणाला सांगितलं नाही. दुसऱ्या दिवशी पुन्हा बसावं लागलं.

एप्रिल संपत आला होता. दुपारी जेवताना ती एकदम म्हणाली, "मेथांबा करावासा वाटतोय."

योगेशने घास खाली ठेवला. मेथांब्यात काय काय लागतं, कैऱ्या कुठल्या, किती, असं त्याने दोनदा विचारलं आणि संध्याकाळी मार्केट यार्डातून अर्धं पोतं कैऱ्या घेऊन आला. दुर्गाबाई कपाळाला हात लावून म्हणाल्या, गावजेवण घालायचंय का? नम्रता हसली. दुसऱ्या दिवशी तिने चार कैऱ्या सोलल्या, फोडी केल्या, मेथीची फोडणी दिली, गूळ घातला आणि दमून बसली. उरलेल्या कैऱ्यांचं लोणचं दुर्गाबाईंनी घातलं. पण तो मेथांबा तिने दोन वेळा मागून खाल्ला. त्याला चव होती. चव ही गोष्ट आपल्याकडून निघून गेली होती, हे तिला ती परत आल्यावर समजलं.

पावसाळा लागेपर्यंत ती सकाळचे दोन तास केंद्रात बसू लागली. वडिलांचं वर्षश्राद्ध झालं त्या दिवशी औशाच्या घरात ती पहिल्यांदा रडली, पोटभर. योगेश घाबरून डॉक्टरांना फोन करायला निघाला होता. डॉक्टरांनी सांगितलं, रडू द्या, हे दुःख आहे, आजार नाही.

यानंतरचं सगळं सरळ झालं असं नाही. गणपतीत मोदकांच्या ऑर्डरी आल्या. नम्रता पूर्ण बरी दिसत होती, कळ्या पाडताना मालनबाईंशी पैज लावत होती. रोजची गोळी तिला आता आजाराची आठवण वाटू लागली होती. बरं वाटतंय तर कशाला, असं म्हणून तिने ती कुणाला न विचारता बंद केली. विसर्जन होऊन काही दिवस गेले आणि फोनची घंटा पुन्हा जड वाटू लागली. पहाटे डोळे उघडू लागले.

पण या वेळी तिने त्याला आळस म्हटलं नाही. सकाळी चहा गाळता गाळता ती योगेशला म्हणाली, "अहो, ते परत येतंय. मी गोळ्या बंद केल्या होत्या."

योगेशच्या तोंडावर आलेलं वाक्य त्याने गिळलं. रजा टाकली आणि तिला घेऊन गेला. डॉक्टर ऋतुजा रागावल्या नाहीत. बरं वाटल्यावर गोळी थांबवण्याचा मोह बहुतेकांना होतो, असं म्हणाल्या, पण आता निदान वर्षभर घ्यायची आणि थांबवायची ती मला विचारून, हळूहळू, हेही बजावलं. या खेपेला उतरायला फार दिवस लागले नाहीत. मालनबाईंच्या गावची हिरा कामाला घेतली. सोमवारी केंद्र बंद राहू लागलं. तशी पाटी लागली तेव्हा आप्पासाहेब म्हणाले, "सोमवारी आम्ही काय हवा खायची?" नम्रता म्हणाली, "चालेल. पोटाला हलकी असते." आप्पासाहेबांना तिचं हे उत्तर इतकं आवडलं की त्यांनी ते सोसायटीत चार जणांना सांगितलं.

दिवाळीनंतर दुर्गाबाईंनी परत जायची तयारी सुरू केली. शेतात मुलाने पेरलेली ज्वारी उभी होती. निघायच्या आदल्या दिवशी सोमवार होता. केंद्र बंद, योगेश कामावर, उत्कर्षा शाळेत. मायलेकी केंद्राच्या मागच्या दारात पायरीवर लसूण सोलत बसल्या होत्या. तिथे सकाळचं ऊन येतं. नम्रता डॉक्टरांबद्दल काहीतरी सांगत होती. पहिल्या दिवशी त्यांनी विचारलं होतं की घरात पूर्वी कुणाला असं झालं होतं का, असं ती सहज बोलून गेली.

दुर्गाबाईंचा हात थांबला.

"मला झालतं की," त्या म्हणाल्या.

"कधी?"

"तू दुसरीत असशील. तुझा भाऊ पाळण्यात हुता. वरीसभर मला भाकर थापू वाटायची न्हाई. घागर उचलायची म्हणलं की खाली बसायची. तुझी आजी म्हणायची, सून कामचुकार निगाली. मलाबी तसंच वाटायचं."

नम्रताला ते वर्ष आठवलं. माजघरात भिंतीकडे तोंड करून निजलेली आई, आणि आपण शाळेतून येऊन तिच्या पाठीशी बसायचो ते. आई आपल्यावर रुसली आहे असं तिला त्या वेळी वाटायचं. हे तिला इतक्या वर्षांत कधी आठवलं नव्हतं.

"मग गेलं कसं?"

"काय की. गेलं आपोआप, हळूहळू. पर लई दिस गेले माय." दुर्गाबाईंनी लसणाची पाकळी बोटात फिरवली. "तू औशाला बसून हुतीस तवाच मला वळख पटली. पर नाव म्हाईत नव्हतं तर सांगू काय?"

नम्रताने पुढ्यातलं ताट बाजूला सारलं आणि आईच्या जवळ सरकून बसली. आता तुला कसं वाटतं, बाबा गेल्यापासून झोप येते का, भूक लागते का, असं तिने एकेक करून विचारलं. दुर्गाबाईंनी खरी खरी उत्तरं दिली. झोप येत होती. भूक लागत होती. आठवण येत होती, पण ती यायचीच. काही वाटलं तर लपवणार नाही, लगेच फोन करीन, असं त्यांनी लेकीला शब्द देऊन सांगितलं.

ऊन पायरीवरून भिंतीवर गेलं तरी दोघी बोलत होत्या.